पाठीवर कोणी नसलेला प्राणी

गणपतीचे डोळे हत्तीचे नसतात. खऱ्या हत्तीचे डोळे डोक्याच्या दोन्ही अंगांना असतात, लहानसे, सुरकुत्यांत अर्धे बुडालेले. हत्तीच्या अगदी समोर उभे राहिले तर ते दोन्ही डोळे एकदम आपल्यावर रोखलेत असे कधी वाटत नाही. मूर्तीतला गणपती मात्र समोर बसलेल्या माणसाकडे थेट बघतो. त्यासाठी कारागिराला डोळे कडेवरून उचलून पुढे आणावे लागतात, त्यांना माणसाची लांबट ठेवण द्यावी लागते, वर भुवया रेखाव्या लागतात आणि त्या दोन डोळ्यांच्या मधून सोंड खाली उतरवावी लागते. हे सगळे करूनही बघणाऱ्याला ते तोंड हत्तीचेच वाटले पाहिजे. प्राण्याचे रूप घडवणाऱ्या कोणत्याही शिल्पकारापुढचा मूळ प्रश्न इथे उघडा दिसतो: काय सोडले तरी चालते, आणि काय सुटले तर प्राणीच हरवतो?

पेणमध्ये या प्रश्नाचे उत्तर वर्षभर हातांनी दिले जाते. पेण शहर आणि भोवतालची हमरापूर, जोहे, कळवे ही गावे गणपतीच्या कारखान्यांनी भरलेली आहेत. विसर्जन आटोपले की थोडी उसंत, आणि पुन्हा पुढच्या वर्षाचे काम सुरू. लाखो मूर्ती इथून मुंबई-पुण्यात जातात आणि परदेशातल्या मराठी घरांसाठी त्यांची रवानगी उन्हाळ्याच्या आसपासच होते, कारण बोटीच्या प्रवासाला वेळ लागतो. कारखान्यात शिरले की फळ्यांवर ओळीने मांडलेल्या कोऱ्या मूर्ती दिसतात, काही बिनहाताच्या, काही अजून बिनसोंडेच्या. त्या बिनसोंडेच्या मूर्ती नीट पाहाव्यात. सोंड नाही, रंग नाही, डोळे नाहीत, तरी हत्ती ओळखू येतो. कपाळावरच्या दोन उंचवट्यांमुळे, म्हणजे गंडस्थळांमुळे, आणि कानाच्या पाळीमुळे. आशियाई हत्तीच्या माथ्याला असे दोन घुमट असतात, आफ्रिकेतल्या हत्तीचा माथा एकसंध उतरता असतो. आपला गणपती पक्का आशियाई आहे. हे उंचवटे एवढे मोठे असूनही हत्तीची कवटी त्या मानाने हलकी असते, कारण तिच्या हाडांत हवेच्या असंख्य पोकळ्या असतात. म्हणून तेवढे डोके मान पेलते.

बिनसोंडेच्या मूर्तीमागे मातीचा स्वभाव आहे. शाडू गुजरातेतून पोत्यांत येतो. तो भिजवून, मळून, लोण्यासारखा मऊ झाला की साच्यात दाबून बसवतात. साच्याचे भाग उघडले की आतून धडाचा मुख्य आकार निघतो. पण शरीरापासून सुटून बाहेर आलेले अवयव, म्हणजे हात, कान, सोंड, साच्यातून अखंड निघणे कठीण, म्हणून ते वेगळे करून मागाहून ओल्या मातीने जोडतात. आता माती वाळताना आकसते, कारण तिच्या कणांमधले पाणी उडून जाते आणि कण एकमेकांजवळ सरकतात. पातळ भाग आधी वाळतो, जाड भाग मागे राहतो. पातळ सोंड आकसून गेली आणि तिचे मूळ अजून ओले असले की बरोबर जोडावर तडा जातो. त्यावर उपाय सावलीत हळूहळू वाळवणे, जोडाची जागा ओलसर ठेवणे आणि काथ्याचे तंतू घालून माती बांधून ठेवणे. आणि एक उपाय असाही आहे जो आपल्याला उपाय म्हणून दिसतच नाही: सोंड मोकळी सोडायचीच नाही. तिचे टोक हातातल्या मोदकावर टेकवायचे, नाहीतर पोटावरून वळवून छातीशी चिकटवायचे. मोदक खाणारी सोंड पुराणात शोभतेच, पण मातीच्या दृष्टीने तो मोदक सोंडेचा खांब आहे. उंदराचेही तेच. पायाशी बसलेल्या उंदराची शेपटी पाटाला किंवा अंगाला लागून फिरते, हवेत कधी नसते.

सोंडेत एकही हाड नाही. नुसत्या स्नायूंच्या हजारो जुड्या लांबीत, आडव्या आणि तिरप्या बांधलेल्या असतात. म्हणून ती वळते, आखडते, लांबते, पण तिचे आकारमान बदलत नाही: आखूड झाली की जाड होते, लांबली की बारीक. चांगला कारागीर सोंड वळवतो तेव्हा वळणाच्या आतल्या अंगाला माती दाटलेली आणि बाहेरच्या अंगाला ताणलेली दाखवतो, आतल्या बाजूला वळ्या जवळजवळ, बाहेर विरळ. साध्या कारागिराची सोंड सगळीकडे सारख्या जाडीची निघते, आणि मग ती रबरी नळीसारखी दिसते. रायगड जिल्ह्याच्या रानात हत्ती नाहीत. पेणच्या हातांना हे ज्ञान आधीच्या मूर्तींमधून, वडीलधाऱ्यांच्या बोटांमधून मिळालेले आहे. तरीही ते शरीरशास्त्राशी इतके जुळते, हे मला फार मोलाचे वाटते.

पेणहून दक्षिणेकडे रोहा ओलांडून तळा तालुक्यात गेले की मांदाडजवळ कुड्याची बौद्ध लेणी आहेत, राजपुरीच्या खाडीकडे तोंड केलेली. सुरुवातीचे खोदकाम साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचे, बुद्धमूर्ती पुढच्या काळातल्या. इथल्या शिलालेखांत मांदाडच्या महाभोज घराण्याबरोबर माळी, वैद्य, लोखंडाचा व्यापारी अशा साध्या दात्यांचीही नोंद आहे. सहाव्या लेण्याच्या दर्शनी भागात हत्ती कोरला आहे, आणि इथे साधन बदलल्याबरोबर प्राण्याचे गणितही उलटते. माती चढवत न्यायची असते, कातळ काढत न्यायचा असतो. लेण्यातला हत्ती डोंगराचाच भाग आहे, त्याला उभे राहण्यासाठी काहीच करावे लागत नाही, कारण तो कधी वेगळा झालेलाच नाही. दगड दाबाला भरभक्कम, पण ताणाला कच्चा. पुढे झेपावणारी मोकळी सोंड त्यात काढली तर स्वतःच्या वजनाने मोडेल. म्हणून लेण्यांतल्या हत्तींची सोंड खाली सरळ उतरते आणि बहुतेक वेळा पुढच्या पायांच्या मध्ये दगडाशी जोडलेली राहते. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या ओसरीत दोन्ही कडांना हत्तींचे पुढचे अर्धे अंग दिसते, जणू वरचा सगळा मजला त्यांनीच पाठीवर घेतला आहे. सह्याद्रीतल्या शिल्पकाराने हत्तीचे वजन ओळखले, आणि त्याला वजनाचेच काम दिले.

डोंगरापासून सुटा केलेला दगडी हत्ती किती नाजूक असतो, याचे उदाहरणही याच जिल्ह्यातले आहे. घारापुरी बेटावर बंदराजवळ एक मोठा दगडी हत्ती उभा होता. पोर्तुगिजांनी त्याच्यावरूनच बेटाला एलिफंटा हे नाव दिले. काळाच्या ओघात त्याला तडे गेले, डोके सुटले. 1864 मध्ये तो इंग्लंडला न्यायचे ठरले आणि उचलताना यारीची साखळी तुटून हत्ती खाली पडला, त्याचे तुकडे झाले. ते तुकडे भायखळ्याला आणले गेले आणि 1914 मध्ये पुन्हा जोडून उभे करण्यात आले. आज हा हत्ती राणीच्या बागेला लागून, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. जोडाच्या रेघा दिसतात, पण त्याची उभी राहण्याची ढब शाबूत आहे. चार खांबी पाय, त्यांच्यावर पोटाचा भार, खाली झुकलेली मान. तपशील झिजून गेले आहेत, तरी पंचवीस पावलांवरून त्या ढिगाऱ्याला कुणी बैल म्हणणार नाही. माझ्या मते प्राण्याच्या शिल्पात शेवटपर्यंत टिकते ती ही ढब. कातडीच्या सुरकुत्या, केसांच्या बटा, डोळ्यांतली चमक या गोष्टी नंतरच्या, आणि आधी झिजणाऱ्या.

आपल्या परंपरेत प्राणी मुबलक आहेत, पण ते जवळजवळ नेहमी कुणाच्या तरी सेवेत असतात. उंदीर गणपतीचा, नंदी महादेवाचा, मोर कार्तिकेयाचा, सिंह देवीचा. देवळाच्या पायरीवर कासव, दारावर गजलक्ष्मीचे हत्ती, भिंतीतून बाहेर आलेले व्याल. इंग्रजांच्या काळात देवांऐवजी राजे आले, घोडे त्यांच्या खाली गेले. मुंबईच्या काळा घोडा भागाला ज्या पुतळ्यावरून नाव पडले, तो 1879 चा, शिल्पकार बोहेम यांनी घडवलेला. त्यावर बसले होते प्रिन्स ऑफ वेल्स, पुढे सातवे एडवर्ड झालेले. लोकांनी मात्र स्वार सोडून घोड्याचेच नाव जागेला दिले. 1965 मध्ये तो पुतळा हलवला गेला आणि घारापुरीच्या हत्तीप्रमाणे भायखळ्यालाच जाऊन थांबला. 2017 मध्ये काळा घोडा चौकात नवा घोडा उभा राहिला, शिल्पकार श्रीहरी भोसले यांचा. त्याच्या पाठीवर कोणी नाही. चार पावलांवर 1952 पासून जहांगीर आर्ट गॅलरी आहे, जिथे महाराष्ट्रातल्या कितीतरी शिल्पकारांचे प्राणी पहिल्यांदा लोकांसमोर आले. चौथऱ्यावरचा स्वार उतरला, देव्हाऱ्यातला देव उतरला, आणि प्राणी एकटा राहिला, ही शिल्पकलेतली गेल्या शंभर-दीडशे वर्षांतली मोठी घटना आहे. एकटा राहिलेला प्राणी घडवणे अवघड असते. मूषकाकडे आपण गणपतीमुळे बघतो. नुसत्या उंदराकडे बघायला लावायचे तर त्या उंदरात काहीतरी असावे लागते.

हे ज्याने आपल्या जिल्ह्यात सर्वांत आधी आणि सर्वांत चांगले केले, तो माणूस अलिबाग तालुक्यातल्या सासवण्याचा. विनायक पांडुरंग करमरकर, लोकांचे नानासाहेब, जन्म 1891. घरात गणपती करण्याची परंपरा होती, म्हणजे त्यांचा पहिला प्राणी हत्तीचे तोंडच. गावातल्या देवळाच्या भिंतीवर त्यांनी काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र कुलाबा जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांच्या नजरेस पडले आणि त्यांच्या मदतीने मुलगा मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेला. पुढे कोलकाता, मग लंडन, मग पुन्हा मुंबई. 1928 मध्ये पुण्यात बसवलेला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचा. साडेतेरा फूट उंचीचा हा पुतळा त्यांनी मुंबईत माझगाव गोदीत एकसंध ओतवला. पुतळा बघताना आपली नजर साहजिकच महाराजांवर जाते. एकदा मुद्दाम घोड्यावर नजर ठेवून बघावे. ब्राँझ ताण सहन करते, शिवाय पुतळा आतून पोकळ असतो, त्यामुळे घोड्याच्या बारीक पायांवर एवढा भार उभा राहतो. जुन्या संगमरवरी घोड्यांच्या पोटाखाली शिल्पकारांना झाडाचा बुंधा कोरून टेका द्यावा लागे. ब्राँझमध्ये तो टेका गेला, पोटाखालची मोकळी हवाही शिल्पाचा भाग झाली आणि घोडा खरोखर पायांवर उभा राहिला.

पण मला त्यांची सासवण्याची म्हैस अधिक प्रिय आहे. करमरकरांच्या घरातच आता त्यांचे शिल्पालय आहे, दीडशेच्या आसपास शिल्पे तिथे आहेत: शंखध्वनी, हमाल, कोळीण, नातेवाईक, शेजारीपाजारी. आणि अंगणात बसलेली म्हैस. तिच्यावर यम नाही, तिच्या पायाखाली देवीचा त्रिशूळ नाही. ती गावातली म्हैस आहे. दुपारी पोट भरल्यावर म्हैस बसते तेव्हा आधी पुढचे गुडघे मोडते, मग मागचा भार धपकन खाली येतो आणि पोट एका अंगाला कलते. पोट कललेल्या बाजूच्या बरगड्या दबतात, वरच्या बाजूच्या उघड्या पडतात, माकडहाडाच्या दोन्ही अंगांना खळगे दिसतात, मान मात्र ताठ. बसलेल्या जनावराचे सगळे वजन जमिनीला मिळालेले दाखवणे म्हणजे काय, हे समजून घ्यायचे तर या म्हशीभोवती एक फेरी घालावी. करमरकरांनी सिमेंट हे शिल्पाचे साधन म्हणून आपलेसे केले होते. सिमेंट स्वस्त, पाऊस सोसणारे, दगडासारखेच दाबाला मजबूत आणि ताणाला कच्चे. आत लोखंडी सळ्यांचा सांगाडा घालून ताणाची बाजू सांभाळता येते, पण बसलेल्या म्हशीला त्याचीही फारशी गरज नाही, कारण तिचा आकारच जमिनीला धरून आहे. विषय आणि साधन इतके एकमेकांना मानवले की शिल्प सहज झालेसे वाटते. करमरकरांना 1962 मध्ये पद्मश्री मिळाली, 1967 मध्ये ते गेले. पेणहून सासवण्याला जायला काही तासही लागत नाहीत, तरी पेणच्या कारखान्यांत शिकणाऱ्या मुलांपैकी किती जण तिथे जाऊन आले असतील, हा विचार मनात येतोच.

जगात इतरत्रही प्राणी असाच हळूहळू सुटा झाला. फ्रान्समध्ये फ्राँस्वा पाँपाँ हे अनेक वर्षे रोदँसारख्या मोठ्या शिल्पकारांच्या हाताखाली दगड घडवत होते. त्यांचे पांढरे अस्वल 1922 मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात आले तेव्हा त्यांनी पासष्टी ओलांडली होती. त्या अस्वलाच्या अंगावर एक केस कोरलेला नाही. सगळा पृष्ठभाग गुळगुळीत, फक्त पाय टाकत चाललेल्या जनावराची पाठ, मान आणि खांदे. पाँपाँ प्राणिसंग्रहालयात जाऊन प्राण्यांसमोरच लहान नमुने करत, मग कारखान्यात बसून त्यातले अनावश्यक एकेक काढून टाकत. घारापुरीच्या हत्तीचे जे काम ऊनपावसाने शतकानुशतके केले, ते त्यांनी हाताने केले, एवढे म्हटले तरी पुरे.

प्राण्यांच्या शिल्पांचे प्रदर्शन बघायला गेल्यावर बरेच जण समोर उभे राहून एक फोटो काढतात आणि पुढे जातात. शिल्पाभोवती फिरावे. आधी लांबून, डोळे थोडे बारीक करून, फक्त बाह्यरेषा बघावी: अंधारात हा प्राणी ओळखू आला असता का? मग भार कुठे आहे ते शोधावे. उभ्या चौपायाचे वजन चारही पायांवर सारखे कधीच नसते, एका खुराला थोडी सवड असते. मागून बघावे, कारण कच्चे शिल्प मागून उघडे पडते. शेपटीचे मूळ, मागच्या मांड्यांमधली पोकळी, पाठकण्याची रेघ, हे भाग कंटाळून उरकले असतील तर लगेच कळते. शेवटी जवळ जाऊन हाताच्या खुणा बघाव्यात. बोटांचे ठसे ठेवलेत की सगळी सफाई केली आहे, आणि जे केले आहे ते त्या प्राण्याला साजते का. बेडकाला ओली सफाई शोभते, रानडुकराला नाही. मुंबई शेअर बाजाराबाहेर 2008 मध्ये बसवलेला भगवान रामपुरे यांचा ब्राँझचा बैल या चार कसोट्या लावून बघण्यासारखा आहे. सोलापूरकडच्या शिल्पकाराच्या डोळ्यांनी बैल पाहिलेले आहेत, हे त्याच्या वशिंडापासून खुरांपर्यंत जाणवते.

पुन्हा पेणला येतो, कारण खरे बोलायचे ते तिथल्याबद्दल. गेल्या काही दशकांत प्लास्टर ऑफ पॅरिसने कारखाने व्यापले. जिप्सम भाजून त्यातले बरेचसे पाणी काढले की प्लास्टर तयार होते. त्यात पाणी घातले की काही मिनिटांत ते पुन्हा जिप्सम होऊन घट्ट होते. साच्यात पातळ थर फिरवला, काथ्या घातला की हलकी, पोकळ, न तडकणारी मूर्ती हातात येते. पण शाडू पाण्यात गेला की पुन्हा चिखल होतो, प्लास्टर पाण्यात फार कमी विरघळते, तुकडे तसेच राहतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे 2020 मध्ये प्लास्टरच्या मूर्तींना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यावर पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या आणि कारागिरांच्या पोटाचा प्रश्न उभा राहिला. तो प्रश्न खरा आहे. पण या सगळ्या वादात पेणकडे फक्त मूर्तींचा कारखाना म्हणून बघितले जाते, याचे मला वाईट वाटते. शाडूत काम करणाऱ्या हाताला माती किती आकसेल, भार कुठे पडेल, पातळ भाग कुठे टेकवावा, हे न मोजता कळते. हेच ज्ञान शिल्पकला शिकणारा विद्यार्थी महाविद्यालयात बरीच वर्षे खपून मिळवतो. पेणच्या कारागिराला दगडूशेठ, लालबाग, टिटवाळा अशा ठरलेल्या रूपांच्या पलीकडे, मागणीशिवाय, स्वतःच्या मनाने एक बेडूक किंवा एक रेडा करायला कोणी सांगत नाही. हंगामानंतरच्या रिकाम्या दिवसांत पेणमध्येच अशा कामांचे एक प्रदर्शन भरवावे, माती भाजून पक्की करण्यासाठी भट्टीची सोय करून द्यावी, करमरकरांची म्हैस त्यांना दाखवून आणावी. खर्च फार नाही, आणि कोणते विषय निवडावेत हेही शोधायला लांब जायला नको.

मुरूड आणि रोहा या तालुक्यांत फणसाड अभयारण्य आहे, 1986 मध्ये घोषित झालेले, पूर्वी जंजिऱ्याच्या नबाबांचे शिकारीचे रान. तिथे शेकरू आहे, महाराष्ट्राचा राज्यप्राणी. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत जवळजवळ तीन फूट, आणि त्यातली निम्म्याहून जास्त शेपटीच. फांदीवर बसले की शेपटी एका बाजूला खाली लोंबते आणि धड दुसऱ्या बाजूला पुढे झुकते, मध्ये मागच्या पंजांची पकड. शिल्पकाराच्या दृष्टीने हा तराजू आहे. शाडूत करायचे तर ती लोंबती शेपटी खोडाला टेकवून उतरवावी लागेल, म्हणजे झाडही घडवावे लागेल. भाजलेल्या मातीत शेपटी वेगळी भाजून आत सळी घालून जोडता येईल. ब्राँझमध्ये ती मोकळी लोंबू शकेल, पण मग सगळा भार दोन पंजांवर येईल आणि फांदी आतून मजबूत धरावी लागेल. तिन्हींतून तीन वेगळी शेकरे निघतील, आणि तिन्ही फणसाडची असतील.